ओळीतील आठवी जागा

कलावतीने टोपलीतला एक बोय मासा उचलला, त्याचा कल्ला अंगठ्याने उघडला आणि तो नाकाजवळ नेला. कल्ला तांबडाभडक होता. डोळा स्वच्छ होता. मासा पहाटेच्या जाळ्यातला होता आणि त्याच्या ताजेपणाविषयी कोणासही शंका घेता आली नसती. तिने श्वास आत ओढला आणि मान दुसरीकडे फिरविली. तिचा नवरा तानाजी होडीच्या कडेला पाय सोडून बसला होता. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"वास हाय," ती म्हणाली.

तानाजीने मान हलविली आणि तो पायांना खोबरेल चोळू लागला. घोट्यापासून खाली त्याच्या पायांची कातडी सोलल्यासारखी झाली होती. खाडीच्या पाण्यात उभे राहणाऱ्या साऱ्या पुरुषांचे पाय गेल्या दोन वर्षांत तसेच झाले होते.

वास रॉकेलसारखा होता, पण रॉकेलचा नव्हता. मानपाड्याच्या बाजूने कारखान्यांचा जो नाला खाडीस येऊन मिळत असे, त्याचे पाणी कधी जांभळे असे तर कधी पिवळे. भरतीच्या वेळी ते पाणी वरपर्यंत, त्यांच्या खारआळीच्या धक्क्यापर्यंत येत असे. सत्त्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात मासा पुष्कळ मिळत होता, हीच मोठी चमत्कारिक गोष्ट होती. जाळे रिकामे येत नव्हते. मासा मात्र शिजविल्यावर घरात बसवत नसे.

दामाजी नावाचा व्यापारी इतकी वर्षे धक्क्यावर येऊन सगळा मासा उचलून नेत असे. कलावतीच्या सासूनेही कधी बाजार पाहिला नव्हता, इतका त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. अकरा दिवसांपूर्वी दामाजी आला तो रिकाम्या टेम्पोने, आणि त्याने हात जोडले. गिऱ्हाईक शिजवलेली आमटी भांड्यासकट परत आणून देते, असे त्याने सांगितले. त्यानंतर तो आला नाही. त्याच्या जागी रेतीचा ठेकेदार काळुराम आला, आणि त्याने होडीची किंमत विचारली. महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा येणार होता. मासा विकण्याची दुसरी सोय झाली नाही तर होडी रेती काढण्यासाठी जाईल, हे घरात सर्वांस ठाऊक होते. तानाजीस दुसरे कोणतेही काम येत नव्हते.

अशा रीतीने कलावतीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बाजारात बसण्याचे ठरविले.

तिचा धाकटा दीर महिपत हा सातवीपर्यंत शिकलेला होता आणि डोंबिवलीत एका इमारतीवर पहारेकरी होता. कोणतेही काम लिहून काढल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. त्याने कॅलेंडरचे जुने पान पालथे घातले, त्यावर पट्टीने उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिले, "नवीन विक्रेत्यास येणारा खर्च." मग वहिनीस बरोबर घेऊन तो तीन दिवस तीन ठिकाणी हिंडला. खिशास पेन लावून कोळणींना प्रश्न विचारणारा हा माणूस पाहून बाजारातील बायका तोंडाला पदर लावीत. "हा सायेब कुठून पकडून आणलास गो?" असे एकीने कलावतीस विचारले. महिपतने तेही मनावर घेतले नाही.

डोंबिवलीत स्टेशनच्या रस्त्यावर बसावयास अनामत नव्हती. दिवसाची पावती दोन रुपये होती. त्याखेरीज त्या पदपथाचा मालक म्हणविणाऱ्या एका इसमास रोज सहा रुपये द्यावे लागत. धाड पडली की टोपली जात असे आणि ती सोडविण्याचा दंड निराळा. महिपतने हे सर्व लिहून घेतले. पण खरी अडचण त्याने लिहिली नाही. डोंबिवलीचे गिऱ्हाईक तो नाला रोज ओलांडून कामास जात असे, आणि मासा हातात घेताच पहिला प्रश्न खाडीचा विचारी.

ठाण्याच्या एका मंडईत ओटे पक्के होते, वर छप्पर होते आणि खाडीविषयी कोणी विचारीत नव्हते. तेथे भागीरथी नावाच्या एका सधन कोळणीचे तीन ओटे होते. त्यांपैकी एक ती भाड्याने देत होती. अनामत सातशे रुपये, रोजचे पंधरा, बर्फ वेगळा, पाणी वेगळे, आणि विक्रीत रुपयामागे दोन आणे. भागीरथीने कलावतीच्या हातांकडे पाहिले, गळ्याकडे पाहिले, आणि सातशे आहेत का, असे विचारले. कलावतीच्या गळ्यात काळी पोत होती. सोने पूर्वीच तानाजीच्या औषधांस गेले होते.

तिसरे ठिकाण कल्याणचे. तेथील पिंपळकट्ट्याच्या बाजारात एका भिंतीच्या कडेने सात कोळणी ओळीने बसत. आठवी जागा रिकामी होती. तिथे बसणारी बाई आषाढात वारली होती. ओळीत सर्वांत वडील जाईबाई होती. तिने महिपतचे सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले. अनामत नाही. भाडे नाही. पावती एक रुपया, तीही माणूस आला तर. हप्ता मागणारा एकदा आला होता, त्यानंतर आला नाही, असे सांगून जाईबाईने समोरची विळी नुसती सरळ केली, आणि ओळ हसली.

"मग काहीच द्यायचं नाही?" महिपतने विचारले. त्याचे पेन कागदावर टेकलेले होते.

"टोपली चाखवायची," जाईबाई म्हणाली. "येवढंच."

हा त्या ओळीचा जुना रिवाज होता. नवी बाई पहिल्या दिवशी आपली टोपली घेऊन येई. ओळीतील वडील बाई त्या टोपलीतून आपल्या हाताने मासे काढी. नवीने ते तेथेच शिजवावेत, सातही जणींना वाढावेत आणि आपणही त्यांच्यात बसून खावे. एकीनेही ताट अर्धवट खाली ठेवले तर नवीला जागा नाही. एकीचा मासा वाईट निघाला तर सगळ्या ओळीचे नाव जाते, म्हणून पूर्वीच्या बायकांनी हे ठरविले होते. वाद नाही, भांडण नाही. ताट खाली ठेवले की नवीने आपली टोपली उचलावी.

परतीच्या वाटेवर महिपतने तिन्ही रकान्यांच्या बेरजा केल्या. ठाण्याचा आकडा सर्वांत मोठा होता. कल्याणच्या रकान्यात रोजच्या एका रुपयाखेरीज काही नव्हते. त्याने त्या रकान्याभोवती पेनाने चौकट काढली आणि तो वहिनीस म्हणाला की, जगात इतकी स्वस्त जागा दुसरीकडे मिळणार नाही.

"भाऊजी," कलावती म्हणाली, "त्या खानार हायेत."

महिपतने पेनास टोपण लावले.

उपाय अखेर त्यानेच सुचविला. ठाण्याहून समुद्राचे तीन मोठे बोय विकत आणावेत आणि ते टोपलीच्या वर ठेवावेत. म्हातारी बाई खाली वाकून तळ कशास ढवळील? ते तीन मासे एकवीस रुपयांना पडले. तानाजीने ते हातात घेऊन पाहिले. जन्मात प्रथमच त्याच्या घरात विकतचा मासा आला होता. त्याने ते खाली ठेवले आणि तो बाहेर जाऊन बसला.

संध्याकाळी कलावतीने आपले मासे निवडले. निवट्या तिने सर्व बाजूला काढल्या, कारण निवटी चिखलातच होते, आणि टोपलीत निवटी दिसली म्हणजे खाडीचे नाव सांगावे लागत नाही. उरलेले बोय तिने मिठाने चोळले, आणि कोकमाच्या पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी तिने ते पाणी ओतून दिले आणि एक मासा हुंगला. तिला वास आला नाही. पण गेले कित्येक महिने तो वास घरात, लुगड्यांत, केसांत होता. तेव्हा आपल्या नाकाचा भरवसा धरावा किंवा नाही, हे तिला ठरविता येईना.

पिंपळकट्ट्यावर ती दोघे पोहोचली तेव्हा उन्हे भिंतीवर आली होती. महिपत रिवाजाप्रमाणे दूर, समोरच्या पानाच्या टपरीपाशी थांबला. कलावतीने टोपली खाली ठेवली. सात जणींनी आपापली गिऱ्हाइके आटोपती घेतली. जाईबाईच्या शेजारी मनुबाई बसत असे. ती अंगाने स्थूल आणि जिभेने तिखट होती. तिने कलावतीस विचारले की, सायेबाने जेवणाचा हिशेब लिहून आणला आहे काय. ओळीच्या शेवटी सरस्वती होती. ती सर्वांत लहान, दोन वर्षांपूर्वीच ओळीत आलेली. ती हसली नाही. तिने स्टोव्ह आणून दिला आणि ती आपल्या जागी जाऊन बसली.

जाईबाई टोपलीजवळ उकिडवी बसली. वरचे तीन मासे तिने पाहिले. एकेकाच्या पाठीवरून बोट फिरविले, जसे एखाद्या परक्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावे. मग तिने ते तिन्ही उचलून बाजूच्या फडक्यावर ठेवले, कोपरापर्यंत हात टोपलीत घातला आणि तळाचे चार मासे वर काढले.

"हे कर," ती म्हणाली.

कलावतीने मासे कापले. तिचे हात नेहमीसारखे चालत होते. हातांना त्या गोष्टीशी कर्तव्य नव्हते. तिने स्टोव्हला पंप मारला, तेल तापविले, लसूण ठेचून टाकला. मसाल्याच्या पुडीतून तिने दोन मुठी घेतल्या आणि तिसरीस हात घातला.

"मसाला बेताचा घाल गो," जाईबाई म्हणाली. "मच्छी कळाय नको काय?"

तिसरी मूठ तिने पुडीत परत सोडली.

पातेल्यास उकळी येईपर्यंत काही झाले नाही. लसणाचा वास होता, मिरचीचा होता. पहिली वाफ वर आली आणि तिच्याबरोबर तो आला. बुटांच्या पॉलिशासारखा, जड, घशात बसणारा. पानाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या महिपतला तो येणे शक्य नव्हते. तरी त्याने त्याच क्षणी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले. कलावतीने झाकण ठेवले. ते ठेवताना तिला वाटले की, आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, हे काय आणलेस? तसे कोणी म्हणाले असते, तर टोपली उचलून घरी जाणे किती सोपे होते, हेही तिला वाटून गेले. तानाजीस सांगता आले असते की, मी गेले होते. होडी काळुरामची झाली असती, आणि त्यात तिचा दोष उरला नसता.

कोणी उठले नाही. तिने सात ताटल्यांत घरून आणलेला भात वाढला, त्यावर आमटी आणि माशाचा एकेक तुकडा ठेवला, आणि शेवटी आपली ताटली घेऊन ती त्यांच्यासमोर बसली.

जाईबाईने पहिला घास घेतला. ती सावकाश चावीत राहिली. तिचे डोळे रस्त्याकडे होते. मनुबाईने खाल्ले. बाकीच्यांनी खाल्ले. कलावतीनेही घास तोंडात घातला, आणि जीभ मागे ओढली गेली तरी तो गिळला. ताटल्यांवर बोटे फिरत होती. एकीचे लक्ष दुसरीकडे नव्हते. देवळात प्रसाद घ्यावा त्याप्रमाणे सर्वजणी खाली मान घालून खात होत्या.

सरस्वतीचा हात तोंडाजवळ थांबला. तिने घास पुन्हा ताटात ठेवला. तिची ताटली मांडीवरून खाली सरकली आणि तिची कड जमिनीस लागण्यास दोन बोटांचे अंतर उरले. कलावती ते अंतर पाहत होती. आणि ताटली खाली टेकावी असे तिला वाटत होते की वर उचलली जावी असे, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

"सरस्वती," मनुबाई खाली पाहूनच म्हणाली. "पोरा वाट बगत असतील घरी. आटप लवकर."

ताटली पुन्हा मांडीवर आली. सरस्वतीने घास उचलला आणि डोळे मिटून तोंडात घातला.

सगळ्यांची ताटे रिकामी झाली. जाईबाईने तांब्यातील पाण्याने चूळ भरली, ती गटारात टाकली आणि पुन्हा भरली. तिसऱ्या चुळेनंतर तिने पदराने तोंड पुसले आणि ती कलावतीच्या जवळ सरकून बसली. तिचा आवाज अगदी साधा होता. एखादी सासू सुनेस लोणच्याचे प्रमाण सांगते त्या आवाजात ती बोलली.

"कोकमात ठेवलीस ना?"

कलावतीने मान हलविली.

"कोकमाना नाय जात. चिचेच्या पान्यात ठेवायची. रातीत दोन वेला पानी बदलायचा. अन् पोट हितं गिऱ्हाइकासमोर नाय साफ करायचा, घरनाच करून आनायचा. पोटातच असतो जास्ती."

कलावतीने ओळीकडे पाहिले. सात टोपल्या ओल्या फडक्यांनी झाकलेल्या होत्या. इतका वेळ तिने त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. तिला वाटले होते की, या बायका वसईचा मासा आणीत असतील, भाईंदरचा आणीत असतील. त्यांचे बांगड्यांनी भरलेले हात पाहून तिला तसे वाटले होते.

"मी हळदीत ठेवायची पहिल्यांदी," ओळीच्या शेवटून सरस्वती म्हणाली. ती ताटल्या गोळा करीत होती. "हळदीत तर बिलकुल नाय जात."

मनुबाईने फडक्यावरचे समुद्राचे तीन मासे उचलून कलावतीच्या टोपलीत सर्वांत वर रचले.

"ह्यो बाकी चांगला केलास," ती म्हणाली. "आमी पन दोन-तीन आनतो. दाखवायला लागतात."

आठव्या जागेवर एक जुने पोते अंथरलेले होते. जाईबाईने ते झटकले आणि पुन्हा नीट पसरले. कलावती त्यावर बसली. समोरच्या टपरीपाशी महिपत चुळबूळ करीत होता. तिने त्याला हाताने खूण केली की, झाले. तो रस्ता ओलांडून आला, वाकला आणि हळूच विचारू लागला की, अखेर त्यांनी काही मागितले काय. वर्गणी, देवीचे, असे काही. ती नाही म्हणाली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो खरा होता. काळुराम आला तर त्यास धक्क्यावरूनच परत पाठवतो, असे सांगून तो कामावर जाण्यासाठी निघून गेला.

पहिले गिऱ्हाईक साडेदहाच्या सुमारास आले. चष्मा लावलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई होती. तिच्या बोलण्यावरून ती शाळेत शिकवीत असावी. ती ओळीवरून हळूहळू चालत आली आणि नवा चेहरा पाहून थांबली. घरी सून बाळंत होऊन आली आहे, तिला पचेल असे काही हवे आहे, असे तिने सांगितले. वरच्या माशांकडे बोट करून तिने भाव विचारला. कलावतीने भाव सांगितला. तो तिला जास्त वाटला. तेव्हा तिने वाकून टोपलीच्या आतल्या, लहान माशांकडे पाहिले.

"हे द्या मग चार," ती म्हणाली. पैसे काढता काढता तिने चष्म्यावरून कलावतीकडे पाहिले. "खाडीचे नाहीत ना हो? नाही, विचारलेलं बरं. हल्ली काही सांगता येत नाही."

ओळीत मासे कापण्याचा आवाज चालू होता तो थांबला. एकामागून एक सातही विळ्या थांबल्या. कोणी कलावतीकडे पाहिले नाही. जाईबाईने हातातील अर्धवट कापलेला मासा विळीच्या पात्यावर तसाच धरून ठेवला होता.

कलावतीने चार मासे मोजून बाजूला काढले. एकाचा कल्ला अंगठ्याने उघडून तिने बाईस दाखविला. तो तांबडाभडक होता.

"नाय बाई," ती म्हणाली. "दर्याचे हायेत."

आणि तिच्या डाव्या बाजूस, पहिल्या जागेपासून सुरुवात होऊन, विळ्या पुन्हा चालू झाल्या.